होई आनमध्ये कमी खर्चात आणि नीट कसे राहावे

तुम्ही विचारले आहे ते थोडक्यात असे. नोकरीला नुकतेच लागलेले तुम्ही दोघे मित्र येत्या दिवाळीच्या सुट्टीत पाठीवर सॅक टाकून व्हिएतनाममधील होई आन या जुन्या बंदराच्या गावी पाच-सहा दिवस जाऊ इच्छिता आणि तुमच्यापैकी एक जण शाकाहारी आहे. रोजचा खर्च किती येईल, मुक्काम कुठे करावा, स्कूटर भाड्याने घ्यावी का, ‘मी सोन’ या जवळच्या ठिकाणची जुनी मंदिरे पाहायला एक दिवस द्यावा का आणि त्याच दिवसांत ह्वे शहरही उरकता येईल का, हे तुम्हाला हवे आहे. मध्य व्हिएतनाममध्ये मी अनेक वर्षे स्वतः हिंडलो आहे आणि इतरांच्या सहलींची आखणीही करून देतो. त्या अनुभवावरून उत्तर देतो.

होई आन मुळात महाग गाव नाही, मात्र घाईने येणाऱ्याला ते महाग पडते. दा नांग या जवळच्या शहरातील हॉटेलात उतरून दुपारी चारला टॅक्सीने येणारा, नदीकाठच्या पहिल्याच उपाहारगृहात जेवणारा आणि रात्री दहाला टॅक्सीनेच परत जाणारा मनुष्य एका संध्याकाळी जेवढे पैसे घालवतो, तेवढ्यात निवांत राहणाऱ्याचे दोन दिवस सहज निघतात. शिवाय त्याला गाव दिसते तेही सर्वाधिक गर्दीच्या पाच-सहा तासांतच. तुम्ही पाच-सहा दिवस ठरवले आहेत हे उत्तम आहे, पण तारखा मात्र चुकल्या आहेत. त्याविषयी आधी लिहितो, कारण ते नीट झाले नाही तर पुढच्या सगळ्या काटकसरीला अर्थ राहणार नाही.

मध्य व्हिएतनामचा पाऊस आपल्या पावसाच्या उलट चालतो. आपल्याकडे जुलैत कोकण चिंब भिजत असते तेव्हा होई आनमध्ये कडक ऊन असते, आणि आपला मान्सून माघारी फिरतो तेव्हा तिथला पाऊस भरात येतो. ईशान्येकडून येणारे वारे, दक्षिण चिनी समुद्रातील वादळे आणि किनाऱ्यामागे लगेच उभ्या राहिलेल्या डोंगररांगा यांमुळे ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हे तिथले सर्वाधिक पावसाचे महिने ठरतात. डोंगरांतून थेट समुद्राकडे धावणाऱ्या थू बोन नदीच्या मुखाशीच होई आन वसले आहे, त्यामुळे वर पडलेले पाणी थोड्याच वेळात गावाच्या गल्ल्यांत शिरते. २०२५ च्या दिवाळीनंतर आठवडाभरातच, ऑक्टोबरच्या अखेरीस, थू बोनला फार मोठा पूर आला आणि जुने गाव पाण्याखाली गेले. तिथल्या लोकांना पुराची सवय आहे. ते सामान माडीवर चढवतात, रस्त्यातून होड्या चालवतात आणि पाणी ओसरताच चिखल धुऊन दुकाने उघडतात. पण मोजक्या रजेवर आलेल्या प्रवाशाचे दोन-तीन दिवस मात्र खोलीतच जातात. या महिन्यांत खोल्यांचे दर उतरलेले दिसतील, ते याच कारणाने.

तेव्हा दिवाळीचीच रजा असेल तर व्हिएतनाममध्येच, पण उत्तरेकडे जावे. हानोई आणि निन बिनच्या परिसरात तो काळ फार चांगला असतो. होई आनच पाहायचे असेल तर फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंतचा काळ सर्वोत्तम आहे. मे ते ऑगस्टही चालेल, मात्र पारा पस्तिशीच्या पुढे जातो आणि हवा दमट असते, त्यामुळे हिंडणे सकाळी नऊच्या आत आणि चारनंतर ठेवावे लागते. जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत केव्हा तरी त्यांचे चांद्र नववर्ष, म्हणजे तेत, येते. त्या आठवड्यात घरगुती खानावळी बंद, बस-रेल्वे भरलेल्या आणि दर चढलेले असतात. तो आठवडा टाळावा.

तारखा ठरवताना पंचांगही जवळ ठेवावे. दर चांद्र महिन्याच्या चौदाव्या तिथीला होई आनच्या जुन्या भागात विजेचे दिवे मंद किंवा बंद करून कंदिलांच्या उजेडात संध्याकाळ साजरी केली जाते. ही प्रथा १९९८ मध्ये सुरू झाली. आपली पौर्णिमेच्या आदल्या दिवशीची चतुर्दशी बहुधा तीच असते, क्वचित एखाद्या दिवसाचा फरक पडतो. ती संध्याकाळ मुक्कामात येत असेल तर छान, पण केवळ तिच्यासाठी आखणी करू नये, कारण गर्दीही त्याच दिवशी सर्वाधिक असते. शाकाहारी मित्रासाठी मात्र तिथींचा वेगळा उपयोग आहे, तो पुढे सांगतो.

कागदपत्रांचे काम सोपे आहे. भारतीय नागरिकांना ई-व्हिसा मिळतो. एका प्रवेशाचे शुल्क २५ डॉलर असून ऑगस्ट २०२३ पासून तो जास्तीत जास्त ९० दिवसांचा मिळू शकतो. अर्ज व्हिएतनाम सरकारच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच करावा. तसेच दिसणारी दलालांची अनेक संकेतस्थळे आहेत आणि ती दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. नाव पारपत्रावर आहे तसे, वडिलांच्या नावासह आणि त्याच क्रमाने भरावे. आपल्या मराठी नावांच्या तीन भागांमुळे इथेच घोळ होतो, आणि विमानतळावर तो निस्तरणे महागात पडते.

पैशांचा हिशेब असा ठेवावा: एका रुपयाला साधारण तीनशे दोंग येतात, म्हणजे एक लाख दोंग हे सुमारे साडेतीनशे रुपयांच्या आत-बाहेर झाले. वीस हजारांची आणि पाच लाखांची नोट या दोन्ही निळसर असतात आणि रात्रीच्या उजेडात सारख्या भासतात. पाच लाखांच्या नोटा पाकिटात वेगळ्या कप्प्यात ठेवाव्यात आणि टॅक्सीत पैसे देताना नोट मोठ्याने आकडा उच्चारूनच द्यावी. वीस हजारांच्या नोटेवर होई आनचाच जपानी पूल छापलेला आहे, त्यामुळे ती ओळखणे तुम्हाला पहिल्या दिवसानंतर सोपे जाईल.

होई आनला विमानतळ नाही आणि रेल्वे स्थानकही नाही. दोन्हींसाठी सुमारे तीस किलोमीटरवरील दा नांगला उतरावे लागते. जुलै २०२५ पासून होई आनचा क्वांग नाम प्रांतच दा नांग शहरात विलीन झाला आहे, त्यामुळे नकाशात किंवा आरक्षणात मुक्कामाच्या पत्त्यावर ‘दा नांग’ दिसले तर चुकीच्या शहरात खोली घेतली असे समजून घाबरू नये. विमानतळावरून ग्रॅब ॲपवरील मोटार दोघांत घेतली तर तीन-चार लाख दोंग लागतात. सामायिक व्हॅनची एक जागा त्याच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळते आणि बहुतेक होमस्टे ती आधी सांगून ठेवतात. विमान सकाळी उतरत असेल तर वाटेतच संगमरवरी टेकड्या लागतात. गुहांमधील देवळे आणि माथ्यावरून दिसणारा समुद्र यांसाठी तिथे दीड-दोन तास थांबावे, म्हणजे वेगळी खेप पडत नाही.

मुक्काम जुन्या गावात करू नये. जपानी पुलाच्या आसपासची खोली लहान, महाग आणि रात्री गोंगाटाची असते, आणि दिवसातील बराच काळ तिथे वाहनांना बंदी असल्यामुळे सामान घेऊन चालत जावे लागते. आन बांगच्या समुद्रकिनाऱ्यावर राहिले तर गाव चार-पाच किलोमीटर लांब पडते. मी नेहमी या दोहोंच्या मधला पट्टा सुचवतो: जुन्या गावाच्या उत्तरेकडील, भातशेतांच्या कडेची घरे. घराचा मालक खालच्या मजल्यावर राहतो, वर चार-सहा खोल्या असतात आणि सकाळची न्याहारी व सायकल बहुधा भाड्यातच धरलेली असते. दोघांची पंख्याची किंवा वातानुकूलित खोली साधारण साडेतीन ते सहा लाख दोंगांत मिळते. वसतिगृहातील एक खाट दीड ते अडीच लाखांत मिळते, म्हणजे दोघे असताना खोली आणि दोन खाटा यांच्या खर्चात फारसा फरक पडत नाही. होमस्टेचे आरक्षण पहिल्या दोन रात्रींपुरतेच करावे. जागा आवडली की पुढच्या रात्रींसाठी मालकिणीशी समोरासमोर बोलावे, बहुधा दर कमी होतो. नोंदणीसाठी ते पारपत्र मागतात, कारण पाहुण्यांची माहिती पोलिसांना कळवणे त्यांना बंधनकारक आहे.

स्कूटरविषयी माझे मत स्पष्ट आहे: घेऊ नये. आपल्याकडे आरटीओतून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार दिलेला असतो आणि व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना कराराचा परवाना मानते. म्हणजे आपला परवाना तिथे ग्राह्य नाही. दुकानदार परवाना न पाहता स्कूटर देतो, म्हणून ती चालवणे कायदेशीर ठरत नाही. अपघात झाला तर प्रवास विमा कंपनी याच कारणावरून दावा नाकारू शकते, आणि २०२५ च्या सुरुवातीपासून वाहतुकीचे दंडही पुष्कळ वाढवलेले आहेत. एका हाडाच्या शस्त्रक्रियेचा खर्च तुमच्या संपूर्ण सहलीच्या कित्येक पट असतो.

होई आन हे सायकलचे गाव आहे. सगळा प्रदेश सपाट आहे, अंतरे कमी आहेत आणि दिवसाचे भाडे तीस-पन्नास हजार दोंगांच्या पुढे जात नाही. आन बांगला जाताना मध्येच त्रा क्वे हे भाजीपाल्याचे गाव लागते. पुदिना, तुळशीच्या जाती, कोथिंबीर, लेट्यूस यांचे लांबलचक वाफे आणि जोडझारीची कावड खांद्यावर घेऊन पाणी घालणारे शेतकरी तिथे पहाटे सहाला दिसतात. २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने या गावाला उत्कृष्ट पर्यटन गावांच्या यादीत घेतले, तेव्हापासून सहली वाढल्या आहेत, पण पहाटे अजून शांतता असते. थू बोन ओलांडून काम किम बेटावर गेलात तर भातशेते, सुतारांची वस्ती आणि चटया विणणारी घरे मिळतील. पश्चिमेला थान हा हे कुंभारांचे गाव आहे. या तिन्ही दिशांना एकेक सकाळ दिली की तीन दिवस जवळजवळ फुकट आणि फार सुंदर जातात. काम थानच्या नारळी जंगलातील गोल टोपल्यांच्या होड्यांची सफर मात्र मी सुचवत नाही. तिथे आता मोठ्या आवाजाच्या गाण्यांवर होड्या गरगर फिरवण्याचा खेळच अधिक चालतो.

जेवणाकडे वळतो, कारण खर्च आणि आनंद दोन्ही इथेच ठरतात. होई आनचा स्वतःचा पदार्थ म्हणजे काओ लाउ. जाड, तपकिरी-पिवळ्या, किंचित चिवट अशा तांदळाच्या शेवया. तांदूळ राखेच्या पाण्यात भिजवल्याने त्यांना तो रंग आणि पोत येतो, आणि त्यासाठी गावातील बा ले विहिरीचेच पाणी लागते असे जुने लोक सांगतात. बाजारातील गाड्यावर हा पदार्थ तयार होताना अवश्य पाहावा. बाई शेवयांची मूठ बांबूच्या गाळणीत घालून उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवते, झटकून वाडग्यात टाकते, तळाशी मोड आलेले मूग आणि त्रा क्वेची पाने आधीच घातलेली असतात. वर डुकराच्या मांसाच्या चकत्या, दोन-तीन पळ्याच रस आणि शेवटी तळलेल्या कुरकुरीत चौकोनी वड्या. रस्सा इतका थोडा, की ते सूप म्हणता येत नाही. मध्यवर्ती बाजारात किंवा मागच्या गल्लीत याचे चाळीस-पन्नास हजार दोंग होतात, तर नदीकाठच्या कंदिलांखाली त्याच वाडग्याचे दुप्पट. हळदीच्या पिवळ्या शेवयांची मी क्वांग, कोंबडीचा भात आणि पाव भरून दिलेला बान मी हे बाकीचे स्वस्त पोटभरीचे पदार्थ. मांसाहारी मित्राने दुपारचे जेवण नेहमी बाजारात करावे.

शाकाहारी मित्राची काळजी तुम्हाला वाटते तेवढी नसावी, पण ती कशी घ्यायची हे ठाऊक हवे. ‘भाजी घातलेले द्या’ असे सांगितले तर भाजी येते, पण ती माशाच्या सॉसमध्ये परतलेली किंवा हाडांच्या रश्शात शिजवलेली असते, कारण तो सॉस आपल्या मिठाच्या जागी वापरला जातो. म्हणून साध्या खानावळीत तडजोड शोधत बसण्यापेक्षा बौद्ध पद्धतीची शाकाहारी खानावळ शोधावी. पाटीवर रोमन लिपीतील सी, एच, ए, वाय ही चार अक्षरे असतात. तेच व्हिएतनामी भाषेत शाकाहार सांगणारे पद आहे आणि उच्चार ‘चाय’ असा होतो. तिथे भाताभोवती टोफू, कोबी, वांगे, अळंबी, फणस अशा चार-पाच भाज्या वाढलेले ताट तीस-चाळीस हजार दोंगांत मिळते. काओ लाउ आणि मी क्वांग यांचे शाकाहारी प्रकारही तिथे असतात. अनेक व्हिएतनामी बौद्ध चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला मांस-मासे वर्ज्य करतात. त्यामुळे आपल्या अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास एरवी मांसाहारी असलेल्या गाड्यांवरही शाकाहारी पदार्थ मांडलेले दिसतात, आणि खास खानावळी पहाटेपासून भरलेल्या असतात. मठांच्या परंपरेतील स्वयंपाकात कांदा-लसूणही टाळतात, पण प्रत्येक खानावळ ते पाळते असे नाही, त्यामुळे तशी गरज असेल तर विचारून घ्यावे. तोंडी विचारू नये. त्या भाषेत स्वराची चढ-उतार बदलली की अर्थ बदलतो. भाषांतर ॲपमध्ये वाक्य लिहून मोबाइल पुढे धरावा, अंडे चालते की नाही तेही त्यात लिहावे.

या सगळ्याचा हिशेब मांडला तर दोघांच्या खोलीतील निम्मा वाटा, तीन वेळचे जेवण, दोन कॉफ्या आणि सायकल मिळून माणशी दिवसाला साडेपाच ते सहा लाख दोंग, म्हणजे सुमारे १,८०० ते २,००० रुपये पुरतात. यात विमान, व्हिसा, मी सोन आणि कपडे शिवणे धरलेले नाही. याहून कमी करता येते, पण त्यासाठी जे सोडावे लागते त्याची यादी पाहिली तर तो सौदा परवडत नाही, असे मला वाटते.

विशेषतः जुन्या गावाचे तिकीट वाचवू नये. परदेशी पाहुण्यांसाठी ते १,२०,००० दोंग आहे आणि त्याच्या पाच कुपनांवर यादीतील कोणतीही पाच ठिकाणे पाहता येतात: व्यापाऱ्यांची जुनी घरे, चिनी समाजांची सभागृहे, संग्रहालये आणि जपानी पूल. अनेक तरुण प्रवासी हे तिकीट कसे चुकवता येईल याच्या युक्त्या एकमेकांना सांगतात. तसे करू नये. जुन्या लाकडी घरांची वाळवी, पूर आणि दमट हवा यांपासूनची डागडुजी या पैशांतूनही होते, आणि सुमारे चारशे रुपयांत इतके पाहायला देणारी ठिकाणे जगात फार नाहीत.

गाव का टिकले हे समजून पाहिले तर ही घरे अधिक बोलू लागतात. सोळाव्या-सतराव्या शतकांत फायफो या नावाने ओळखले जाणारे हे बंदर चिनी, जपानी, पोर्तुगीज आणि डच व्यापाऱ्यांनी गजबजलेले होते. पुढे नदीचे मुख गाळाने भरत गेले, मोठी जहाजे आत येईनाशी झाली आणि एकोणिसाव्या शतकात व्यापार दा नांगकडे गेला. व्यापार गेल्यामुळे जुनी घरे पाडून नवी बांधण्याची गरजही कोणाला पडली नाही. १९८० च्या दशकात मी सोनच्या जीर्णोद्धारासाठी आलेले पोलिश वास्तुविशारद काझिमिएर्झ क्वियात्कोव्स्की यांनी या गावाचे मोल ओळखून ते जतन करण्याचा आग्रह धरला. १९९७ मध्ये त्यांचे व्हिएतनाममध्येच निधन झाले आणि दोन वर्षांनी, १९९९ मध्ये, होई आन आणि मी सोन या दोन्हींना जागतिक वारसास्थळांचा दर्जा मिळाला. त्यांचा पुतळा गावात आहे.

पाच कुपनांपैकी एक तान की घरासाठी ठेवावे. तिथल्या भिंतीवर निरनिराळ्या वर्षांच्या पुराच्या पाण्याच्या खुणा केलेल्या आहेत, आणि १९६४ ची खूण पाहताना मान वर करावी लागते. दुसरे फुंग हुंग घरासाठी. तिथे माडीच्या फरशीत एक झडप आहे, पूर येताच खालचा माल त्यातून दोरांनी वर ओढून घेत असत. तिसरे फुक किएन सभागृहासाठी. फूच्येन प्रांतातून समुद्रमार्गे आलेल्या चिनी व्यापाऱ्यांनी समुद्रात रक्षण करणाऱ्या थिएन हाउ देवीसाठी ते उभारले, आणि छताला टांगलेल्या मोठ्या सर्पिल उदबत्त्या तिथे दिवसेंदिवस जळत असतात. चौथे जपानी पुलासाठी. २०२२ च्या अखेरीपासून सुटा करून दुरुस्त केलेला हा पूल ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा खुला झाला. पाचवे तुमच्या आवडीवर सोडतो. गल्ल्या मात्र सकाळी सहा ते आठ या वेळेत पाहाव्यात. तेव्हा दुकानांच्या फळ्या बंद असतात, घरांपुढे माणसे चहा घेत बसलेली असतात आणि पिवळ्या भिंतींवर तिरपे ऊन पडते. संध्याकाळ कंदिलांसाठी एकदा पाहावी, रोज नको. रात्रीच्या होडीसाठी दर ठरलेले आहेत आणि तिकीट खिडकीवर मिळते, काठावर हात धरणाऱ्यांशी बोलणी करू नयेत. नदीत सोडायचे कागदी दिवे मी घेत नाही, कारण ते शेवटी नदीतच कचरा होऊन साठतात.

मी सोनला एक दिवस द्यावा का, याचे उत्तर: अर्धा दिवस, पण पहाटेचा. ही मंदिरे होई आनपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर, डोंगरांनी वेढलेल्या एका खोऱ्यात आहेत आणि प्रवेशशुल्क १,५०,००० दोंग आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस चंपा या चाम लोकांच्या प्राचीन राज्याच्या भद्रवर्मन राजाने इथे भद्रेश्वर या नावाने शिवाची स्थापना केली, आणि पुढे तेराव्या शतकापर्यंत चाम राजे इथे मंदिरे बांधत राहिले. शिलालेखांची भाषा संस्कृत आणि जुनी चाम. महाराष्ट्रातून येणाऱ्याला गाभारा, योनिपीठ, नंदी आणि सोमसूत्र, म्हणजे अभिषेकाचे पाणी बाहेर नेणारी पन्हळ, हे सगळे ओळखीचे वाटेल, आणि तरी बांधणी पूर्णपणे वेगळी दिसेल. आपली मंदिरे दगडाची, ही विटांची. विटांच्या भिंतींजवळ जाऊन सांधे पाहावेत. दोन विटांमध्ये चुन्याचा थर दिसतच नाही, आणि रचून झालेल्या भिंतीवरच नंतर देवता, वेली आणि द्वारपाल कोरलेले आहेत. ज्यांनी वेरूळची लेणी पाहिली आहेत त्यांनी कोरण्याच्या त्या धैर्याशी याची मनातल्या मनात तुलना करावी.

१९६९ मध्ये अमेरिकी बॉम्बफेकीत इथला सर्वांत भव्य बुरूज कोसळला. खड्डे आजही गवताखाली स्पष्ट दिसतात. २०१७ ते २०२२ या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या पथकाने इथल्या तीन मंदिर समूहांचे संवर्धन केले, आणि त्याच कामात मे २०२० मध्ये नवव्या शतकातील एकसंध वालुकाश्माचे शिवलिंग सापडले. म्हणून ‘अ’ समूहाकडे जाणारी वाट टाळू नये. बहुतेक सहली मधले ‘ब’, ‘क’ आणि ‘ड’ समूह पाहून चामांचे नृत्य संपताच परततात. होमस्टेमधून पहाटे साडेचार-पाचला निघणारी लहान व्हॅन घ्यावी. दरवाजा उघडताच आत गेलात तर पहिला तास-दीड तास खोरे जवळजवळ तुमचेच असते. नऊनंतर मोठ्या बस येतात आणि विटा तापू लागतात. परतीचा प्रवास होडीने करण्याचा पर्याय देतात. तो महाग आणि संथ आहे, त्यात विशेष काही नाही. ज्यांना चाम शिल्पांची गोडी लागेल त्यांनी परतीच्या विमानाआधी दा नांगचे चाम शिल्प संग्रहालय पाहावे. ते १९१९ पासून सुरू आहे आणि मी सोनहून हलवलेली उत्तम शिल्पे तिथेच आहेत.

कपडे शिवून घेण्याचा मोह होईल, कारण गावात शिंप्यांची दुकाने शेकडो आहेत. शिवायचे असेल तर पहिल्याच दिवशी मापे द्यावीत आणि किमान दोनदा घालून पाहण्याची अट घालावी. ‘चोवीस तासांत सूट’ ही जाहिरात खरी असते, पण घाईने शिवलेल्या सुटाचे खांदे नीट बसत नाहीत, आणि पुण्या-मुंबईत परतल्यावर तक्रार कोणाकडे करणार? कापड हातात घेऊन, नमुन्याचा तुकडा कापून पावतीला टाचून घ्यावा. खांद्याच्या रेषेचे काम नसलेले लिननचे सदरे तिथे छान होतात. एखादा शिवावा, सूट आपल्या गावच्या शिंप्याकडे ठेवावा.

राहिला ह्वेचा प्रश्न. पाच-सहा दिवसांत ह्वे ‘उरकू’ नये. गुयेन राजांची ती राजधानी, तिचा किल्ला आणि परिसरातील राजसमाध्या यांना किमान दोन पूर्ण दिवस लागतात. आठ दिवसांची रजा मिळाली तर होई आनला पाच रात्री आणि ह्वेला दोन रात्री असा क्रम लावावा. दा नांग ते ह्वे हा प्रवास रेल्वेनेच करावा. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास आहे, अडीच-तीन तास लागतात आणि गाडी हाय वान खिंडीच्या पायथ्याने, समुद्राला अगदी लागून, डोंगराच्या कडेकडेने जाते. त्या घाटात मोटारी बोगद्यातून जातात, त्यामुळे बसने गेलेल्याला हे काहीच दिसत नाही. दा नांगहून निघताना उजव्या हाताची खिडकी मागून घ्यावी, आणि साध्या मऊ बैठकीचे तिकीट पुरेसे आहे. मग परतीचे विमान ह्वेहूनच, हानोई किंवा हो ची मिन्ह सिटीमार्गे घेतले तर दा नांगला मागे यावे लागत नाही, आणि मी सोनची पहाट वगळता कुठेच धावपळ करावी लागत नाही.